सांडोरचं घर किती जुनं?



वसईचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतल्या शाळांची सहल बहुधा एकदा तरी तिथं जातेच. मुलं तटावर चढतात, पडक्या चर्चच्या भिंती पाहतात, चिमाजीअप्पांच्या स्मारकापाशी उभं राहून फोटो काढतात, चिंचेखाली डबे सोडतात आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी परततात. किल्ला पाहावा, अवश्य पाहावा. पण पापडी, सांडोर, वसई गाव या टापूत रस्त्याच्या दोन्ही अंगांना, केळीच्या आणि नारळीच्या आडोशाला जी जुनी कौलारू घरं अजून तग धरून आहेत, त्यांच्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही. आजच्या भाषणाचा विषय ही घरं आहेत.

आधी घर डोळ्यांसमोर आणू या. काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं. चार-पाच पायऱ्या चढल्या की समोर लांबरुंद ओटा, त्याला लाकडी खांब, खांबांच्या मधे कमरेइतका लाकडी कठडा. ओट्यावर उतरतं मंगलोरी कौलांचं पाखं, आणि त्या पाख्याच्या कडेला नक्षीदार कातलेल्या फळ्यांची झालर. आत उंच छताचा दिवाणखाना. त्याच्या भिंतीत आल्तार, म्हणजे मूर्ती आणि मेणबत्त्या ठेवण्याचं लाकडी देवघर. बाजूला निजायच्या खोल्या, मागं माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, आणि त्यामागं विहीर व वाडी. माडी असली तर तिच्याकडे जाणारा जिना पुष्कळदा घराच्या आत नसतो, बाहेरूनच चढतो. अंगणात क्रूस. आणि हेच घर वाडवळ किंवा ब्राह्मण हिंदूचं असेल, तर क्रुसाच्या जागी तुळशीवृंदावन आणि आल्ताराच्या जागी देव्हारा. बाकी जोतं तेच, ओटा तोच, कौलं तीच आणि झालरही तीच. पाऊस पडायला लागला म्हणजे पागोळ्या कुणाचा धर्म विचारत नाहीत.

आता अशा घरासमोर उभं राहून कुणालाही विचारा, हे घर कधीचं? दहांतले आठजण सांगतील, "पोर्तुगीजांच्या वेळचं." घरमालक सांगेल, शेजारी सांगेल, घर विकत घ्यायला आलेला दलालही सांगेल. छापील लेखांतूनही 'पोर्तुगीज पद्धतीचं घर' असा शब्दप्रयोग सर्रास येतो. हे उत्तर तपासून पाहण्यासारखं आहे.

गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली ती १५३४ साली. चिमाजीअप्पांच्या फौजेनं ती घेतली १७३९ च्या मे महिन्यात. त्यानंतर मधला थोडा काळ वगळला तर १८१७-१८ पर्यंत अंमल मराठ्यांचा आणि पुढं इंग्रजांचा. म्हणजे हे घर खरोखर पोर्तुगीजांच्या वेळचं असेल, तर ते निदान पावणेतीनशे-तीनशे वर्षांचं असलं पाहिजे. या किनाऱ्यावर वर्षाला ऐंशी इंचांच्या आगेमागे पाऊस पडतो. हवा खारी. वाळवीचा सुकाळ. प्रत्यक्ष किल्ल्याकडेच पाहा ना! राजाच्या पैशानं, घडीव दगडात बांधलेल्या तिथल्या बहुतेक इमारतींवर आज छप्पर उरलेलं नाही. जे उरलं ते दगडचुन्याचं, लाकूड आणि कौल गेलं. वसईचा काळा दगड त्या वेळी इतका नावाजलेला होता, की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी कामासाठी तो गलबतांतून तिकडे नेला गेला. हा दगड टिकला. पण सागाचे खांब आणि फळ्यांची झालर तीन शतकं पागोळ्यांखाली जशीच्या तशी राहते, हे पटायला अंमळ जड आहे.

तेव्हा ऐकीव उत्तर बाजूला ठेवू आणि घरालाच विचारू. घर बोलतं, फक्त त्याची साक्ष कुठं कुठं लिहिलेली असते ते ठाऊक पाहिजे.

पहिली साक्ष छपरावर. ही चपटी, खाचेची, एकमेकांत अडकणारी कौलं आपण 'मंगलोरी' म्हणतो, ते उगाच नव्हे. बाझेल मिशन या जर्मन-स्विस मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मंगळूरजवळ जेप्पू इथं नदीकाठच्या चिकणमातीपासून यंत्रानं दाबून कौलं करण्याचा कारखाना काढला, तो १८६५ साली. त्यापूर्वी आपल्याकडे होती ती नळीची कौलं, कुंभारानं चाकावर काढलेली, अर्धगोल. ती नुसती एकावर एक रचलेली असत. माकडानं उडी मारली की सरकत, मांजर धावलं की सरकत. दरवर्षी मृगाआधी माणूस छपरावर चढवून ती परतावी लागत. गरिबाच्या घरावर तर कौलही नसे. गवत नाही तर झावळ्या. मंगलोरी कौलानं हा वार्षिक खटाटोप संपवला. एक कौल साधारण अडीच किलो वजनाचं, पाठीमागच्या बोंडानं रिपेवर अडकवलेलं. वाऱ्यानं हलत नाही, दोन कौलांच्या खाचेतून पाणी आत येत नाही.

म्हणजे ज्या घराचं छप्पर मुळापासून मंगलोरी कौलासाठीच बांधलेलं आहे, ते १८६५ च्या आधीचं असणं शक्य नाही. 'मुळापासून' हा शब्द महत्त्वाचा. जुन्या छपरावरची नळीची कौलं काढून नंतर मंगलोरी चढवलेलीही असतात. ते ओळखायचं रिपांवरून. नळीच्या कौलांना वासे आणि कामट्या दाट लागतात, मंगलोरीला रिपा ठरावीक, सारख्या अंतरावर लागतात. पोटमाळ्यावर जाऊन वर पाहिलं की वाशांत जुनी भोकं, जुने खिळे, बदललेल्या रिपांच्या खुणा दिसतात की नाही, ते समजतं.

इथं एक सावधगिरी सांगून ठेवतो. या कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं आणि पुष्कळदा सालही असतं. बाझेल मिशनच्या कौलावर १८६५, मंगळूरच्याच आल्बुकर्क कंपनीच्या कौलावर १८६८. कौल उलटून पाहणारा हरखून जातो, 'सापडलं! घर १८६५ चं!' पण ते साल कारखाना निघाल्याचं. कौल पन्नास वर्षांनी भाजलेलं असलं तरी त्यावर साल तेच. तेव्हा कौलावरच्या आकड्यानं एवढंच सिद्ध होतं, की हे कौल त्या सालाच्या आधीचं नाही. ते नंतरचं किती, याला दुसरी साक्ष काढावी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा शिकवण्यासाठी याहून स्वस्त साधन मला तरी माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. मंगळूरला आगगाडी पोचली १९०७ साली. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या हयातीत, १९०१ पर्यंत, जी मंगलोरी कौलं उत्तर कोकणात आली ती समुद्रानं, गलबतांत भरून आली. ज्या खाडीतून पूर्वी वसईचा दगड गोव्याला गेला, तिच्याच वाटेनं दक्षिणेची भाजलेली माती उत्तरेच्या घरांवर येऊन बसली असं म्हटलं, तर फारसं चुकणार नाही.

दुसरी साक्ष लाकडाची. जव्हार-वाड्याकडचा साग वसईला नवा नव्हता. त्या सागावर वसई-आगाशीला पूर्वी जहाजं बांधली जात. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा किनारा घेतला आणि मोलमीनचा साग मुंबईच्या गोदीत उतरू लागला. लांब, सरळ, गाठ नसलेला. अशा लांब तुळया मिळायला लागल्या, तेव्हा दिवाणखाना रुंद करता आला.

आणि हा दिवाणखाना मधे एकही खांब नसताना उभा कसा राहतो, हेही पाहा. आपल्या जुन्या घरांत आढ्याला आधार द्यायला खांब जमिनीपासून वर गेलेले असायचे. म्हणून जुन्या वाड्याच्या सोप्यात बसलं की कुणी ना कुणी खांबाआड जातोच. या घरांत मात्र पाख्यांचं ओझं कैचीवर घेतलेलं आहे. दोन तिरपे वासे, खाली आडवी तुळई, मधे एक उभा दांडा, असा लाकडाचा त्रिकोण. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत टेकतो, खालची जागा मोकळी राहते. ही कैची सरकारी बांधकाम खात्याच्या आणि रेल्वेच्या कामांतून गावच्या सुताराच्या हाती आली असावी. मोकळ्या दिवाणखान्यात लग्नाची पंगत बसली, बँडच्या तालावर पाय थिरकले, आणि घरातला कुणी गेला तर त्याची शवपेटीही तिथंच मधोमध ठेवली गेली. खांब असता तर या तिन्ही गोष्टींना अडचण झाली असती.

आता पैशाकडे येऊ. नुसती हौस असून असं घर उभं राहत नाही. सागाला, कौलांना, गवंड्याला रोख पैसा मोजावा लागतो. वसईच्या वाडीवाल्याच्या हातात तो रोख पैसा आला कुठून?

याचं उत्तर स्टेशनात आहे. मुंबई-बडोदा रेल्वेचे रूळ वैतरणा आणि वसई या दोन्ही खाड्यांवर पूल टाकून १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचले. वसईची नगरपालिकाही त्याच साली स्थापन झाली. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली, सकाळी जाणारी एक आणि संध्याकाळी येणारी एक. आज विरार गाडीच्या दाराला लोंबकळून जाणाऱ्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण त्या एका गाडीनं वसईचं अर्थशास्त्र बदललं. तोपर्यंत केळी, नागवेलीची पानं, भाजी, फुलं मुंबईला जायची ती पडावातून, भरती-ओहोटीची वाट पाहत. खाडीत वारा पडला की पानं सुकली. गाडी आल्यावर पहाटे खुडलेला माल दिवस वर येण्याच्या सुमारास मुंबईच्या बाजारात. रहाटगाडग्याच्या पाण्यावर वाडी बारमाही पिकत होतीच, आता तिला बारमाही गिऱ्हाईक मिळालं. शिवाय थोडं शिकलेल्या मुलाला रेल्वेत, गोदीत, कचेरीत महिन्याचा पगार मिळू लागला. एका घरात वाडीही आहे आणि पगारही आहे, अशी अवस्था या भागात प्रथमच आली. माझ्या मते हे ओटे, हे कठडे, हे उंच दिवाणखाने या दोन पैशांच्या संगमावर उभे आहेत.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्या नशिबी ते आले नाहीत. वाडीचा धनी मंगलोरी कौलाखाली गेला. त्याच्या वाडीत पाणी लावणारा आणि केळीचे लोंगर वाहणारा मजूर मात्र कारवीच्या कुडाच्या, शेणानं सारवलेल्या झोपडीतच राहिला. त्याचं घर आज दाखवायलासुद्धा उरलेलं नाही. जुन्या घरांचं कौतुक करताना ही गोष्ट विसरली, तर आपण अर्धाच इतिहास सांगू.

रेल्वेनं पैसा आणला तसा नमुनाही आणला. ओट्याच्या पाख्याला कातीव फळ्यांची झालर असते, हे मघाशी सांगितलं. तशीच झालर जुन्या स्टेशनांच्या फलाटांवरच्या छपरांना असे, लाकडाची नाही तर पत्र्याची. बारीक पात्याच्या करवतीनं फळीत पानं, बदाम, भाल्याची टोकं कातायची, ही त्या काळच्या इंग्लंडात घरोघर गेलेली हौस. मुंबईला सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली, आणि बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ पासून दहाएक वर्षं बांधलं जात होतं. तिथल्या कमानी, काचा आणि कोरीव काम पाहून आलेला सुतार गावी परतल्यावर स्वस्थ बसला नसणार. पण ही झालर नुसती शोभेची नाही. पाख्याच्या टोकाशी वाशांची कापलेली तोंडं उघडी राहतात आणि पाणी प्रथम तिथं शिरतं. झालर ते तोंड झाकते. पाणी फळीवरून उतरतं आणि टोकदार नक्षीच्या अणीवरून थेंबाथेंबानं खाली पडतं, मागं वाशाकडे वळत नाही. पाच-पंचवीस वर्षांनी फळी कुजली तर फळी बदलायची, वासा वाचला. ज्यानं ही युक्ती काढली त्याला शोभा आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या.

खिडक्यांचंही तसंच. खाली लाकडी झडपा, म्हणजे तिरप्या पट्ट्या, उघडमीट करता येणाऱ्या. वर अर्धगोल, रंगीत तावदानं. आणखी वर, छताजवळ, भिंतीत हवेसाठी झरोके. ओट्याच्या सावलीत गार झालेली हवा झडपांतून आत येते, तापलेली वर चढते आणि झरोक्यांतून, कौलांच्या फटींतून निघून जाते. एप्रिल-मेच्या दुपारी अशा घरात जाऊन बसा आणि मग शेजारच्या सिमेंटच्या इमारतीत जा. फरक सांगावा लागणार नाही.

बाहेरच्या जिन्याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. असाच जिना मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत आणि वांद्र्याच्या रानवार गावठाणातही दिसतो. तिथलेही मूळ रहिवासी याच किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. मला सर्वांत पटणारं कारण साधं आहे. मुलाचं लग्न झालं की वरची माडी त्याला द्यायची. चूल वेगळी, वाट वेगळी, पण छप्पर एकच. वाटणीही झाली आणि घरही मोडलं नाही.

मग या घरात पोर्तुगीजांचं काहीच नाही का? आहे, आणि ते मजेदार ठिकाणी आहे. दार ज्या बिजागरीवर फिरतं ती बिजागरी पोर्तुगीज. कुलपाची चावी पोर्तुगीज. गवंड्यानं चुना वाहिला ते घमेलं पोर्तुगीज. न्हाणीतली बादली पोर्तुगीज, आणि घर शेवटी विकायला निघालं तर होणारा लिलाव, तोही पोर्तुगीज! अर्थात शब्द म्हणतो मी. सत्ता गेली, शब्द राहिले, आणि ते वसईतच नव्हे, देशावरच्या घराघरांत राहिले. आल्तार हा शब्दही तिकडचा. दर्शनी बाजू सरळ रेषेत, दोन्हीकडे सारखी ठेवायची आवड गोव्याच्या आणि चर्चच्या इमारती पाहून आली असेल, असं म्हणायलाही जागा आहे. पण घराचं वय पोर्तुगीज नाही आणि त्याचा पैसाही पोर्तुगीज नाही. घर व्हिक्टोरियाच्या काळचं, आणि हात, माती, लाकूड, चुना सगळं इथलं.

याला एक ऐतिहासिक योगायोग जोडून पाहण्यासारखा आहे. मुंबई-साष्टीकडचे मूळचे ख्रिस्ती लोक इंग्रजी अमदानीत सरसकट 'पोर्तुगीज' म्हणून ओळखले जात. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या लोकांनाही तेच नाव. नोकऱ्यांच्या वेळी गोंधळ होई. म्हणून १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं, मुंबईत बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि या समाजानं 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. वसईच्या सगळ्या ख्रिस्ती समाजांनी ते नाव लावलं असं नाही. इथं आजही वाडवळी आणि सामवेदी बोली बोलणारे लोक आपापल्या नावानं ओळखले जातात. पण सांगायचा मुद्दा असा, की ज्या पिढीनं ही घरं बांधली, त्याच पिढीतल्या लोकांनी 'आम्हांला पोर्तुगीज म्हणू नका' असं जाहीर सांगितलं होतं. माणसांनी तो शिक्का पुसला. आपण मात्र त्यांच्या घरांवर तो अजून मारत आहोत.

तुम्ही म्हणाल, नावानं काय बिघडतं? एरवी काही बिघडलं नसतं, पण इथं बिघडतं. घर 'पोर्तुगीजांचं' म्हटलं की ते परक्याचं होतं. परक्याची वस्तू पडली तर हळहळ वाटते, पण आपलं काही गेलं असं वाटत नाही. पणजोबानं केळी विकून, पणजीनं पानं खुडून, आजोबानं रेल्वेत हिशेब लिहून उभं केलेलं घर म्हटलं की तेच घर दुसऱ्या नजरेनं दिसू लागतं.

आपल्या महाराष्ट्रात जुनी घरं राखली गेली आहेत, नाही असं नाही. रत्नागिरीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथं स्मारक केलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ही दोन्ही घरं अवश्य पाहावीत. पण ती राहिली ती तिथं जन्मलेल्या माणसांमुळं. सांडोरच्या घरात जन्मलेला माणूस बागाईतदार होता, स्टेशनमास्तर होता, शाळामास्तर होता, परिचारिका होती. त्यांच्या नावाची पाटी कोण लावणार? मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली, पण तिची हद्द बृहन्मुंबईपुरती. साध्या माणसाच्या राहत्या घराला खरं संरक्षण एकच, त्यात राहणाऱ्याचं मन.

आणि ते मन आज अडचणीत आहे, हे मान्य केलं पाहिजे. वसई-विरार महानगरपालिका झाली २००९ साली, पालघर जिल्हा झाला २०१४ च्या ऑगस्टमध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीचे भाव घराच्या भावाच्या पुढं धावत सुटले होते. आज एका घराला सात-आठ वारस. एक मुंबईला, दोन आखातात, एक कॅनडात. कागदावर नावं सगळ्यांची, कौल फुटलं तर चढणारा कुणी नाही. जो मागं राहिला आहे तो सत्तरीचा. त्याच्याकडे बिल्डर येतो आणि प्रत्येक वारसाला एकेक सदनिका देऊ करतो. अशा वेळी शहरात बसून 'वारसा जपा' म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणणार नाही. घर पाडणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याआधी त्या सत्तरीच्या माणसाच्या जागी उभं राहून पाहावं.

पण ज्यांना घर राखायचं आहे त्यांचंही नुकसान पुष्कळदा चांगल्या हेतूनं होतं, त्याबद्दल दोन शब्द. जुन्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. चुना ओल आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतो. भिंत श्वास घेते म्हणा ना. गिलावा पोपडला म्हणून मालक वरून सिमेंटचा थर देतो. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. ती आत कोंडते, खारासकट वर चढते, विटा भुगा होतात आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं. दहा वर्षांत मालक म्हणतो, "घरच जुनं झालं." घर जुनं नव्हतं झालं, त्याचा श्वास कोंडला होता. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करावा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायला वेळ लागतो, पण मिळतो. फुटलेलं कौल पावसाआधी बदलावं. एका कौलाची टाळाटाळ पुढं एका तुळईच्या किमतीला पडते.

आता शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे एक काम मागायचं आहे. तुमच्या गावात असं घर असेल, मग ते वसईत असो, डहाणूला असो नाही तर सिंधुदुर्गात, तर सातवी-आठवीच्या दहा-बारा मुलांना घेऊन, घरमालकाची परवानगी काढून, एक शनिवार तिथं घालवा. बरोबर मोजपट्टी, चौकटीचा कागद आणि पेन्सिल एवढंच न्या. एका गटानं ओट्याची, खोल्यांची, भिंतींच्या जाडीची मापं घ्यावी आणि कागदावर घराचा आराखडा काढावा. दुसऱ्यानं खांब, तळखडे, झालर, झडपा यांची चित्रं काढावी. तिसऱ्यानं घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसावं. बाईजवळच, कारण घराचं साल पुरुषांना कागदावरून सांगता येतं, पण कोणती खोली कुणाच्या लग्नासाठी वाढवली, विहिरीचं पाणी कधी खारं झालं, रहाट कोणत्या साली थांबला, हे तिलाच ठाऊक असतं. तिच्या बोलीतले खोल्यांचे आणि भांड्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, शुद्ध करू नका.

जमीन पाहायला विसरू नका. नक्षीच्या सिमेंटी फरश्या असतील तर त्या बहुधा नंतरच्या. तशा फरश्या करणारी भारत टाइल्स ही कंपनी निघाली १९२२ साली. तेव्हा भिंती व्हिक्टोरियाच्या आणि फरशी गांधीयुगातली, असं एकाच खोलीत सापडेल. मुलांना सांगा, घर एका दिवशी बांधून होत नसतं. सात-बारा, सिटी सर्व्हेचा नकाशा, नगरपालिकेची जुनी घरपट्टीची पावती, जे जे मालक दाखवील ते ते पाहा. मोठ्या मुलांना हवं असेल तर जेर्सन द कुन्या यांचं वसई-चौलवरचं १८७६ चं पुस्तक आणि ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटिअर ही दोन्ही मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. घरं बांधली जात होती त्याच वर्षांत ती लिहिली गेली.

हा आराखडा आणि ही टिपणं दोन प्रतींत करा. एक शाळेत ठेवा, एक घरमालकाला द्या. पुढं घर राहिलं तर दुरुस्तीला उपयोगी पडेल. नाहीच राहिलं, तर खांब चोरबाजारात जातील, झालर एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर जाईल, पण ओटा किती लांब होता आणि त्यावर उन्हाळ्यात कोण निजत होतं, एवढं तरी शाळेच्या कपाटात शिल्लक राहील.

आणि छप्पर उतरवताना तुम्ही तिथं असलात, तर आढ्यावरचं एक कौल मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही. उलटं करून ओल्या फडक्यानं पुसा. शेवाळाखाली कारखान्याचं नाव निघेल, साल निघेल, आणि कधी कधी ओल्या मातीवर उमटलेला मंगळूरच्या कुणा कामगाराचा अंगठाही निघेल.